उमेदवारी आणि विद्या : लातूर परिसरातील दोन आत्मकथनांचा पुनर्विचार

१.

मराठीतील दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांची चिकित्सा आजवर मुख्यत्वे दोन दिशांनी झाली. एका दिशेने त्यांच्याकडे सामाजिक दस्तऐवज म्हणून पाहण्यात आले, तर दुसऱ्या दिशेने त्यांची भाषा, निवेदनाची तऱ्हा आणि वाङ्मयप्रकार म्हणून त्यांचे स्वरूप यांची चर्चा झाली. दोन्ही दिशांनी महत्त्वाचे काम झाले आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु या लेखनात सर्वत्र आढळणारे एक सूत्र मात्र समीक्षेकडून बरेचसे उपेक्षित राहिले. ते सूत्र म्हणजे काम करणे आणि शिकणे यांचा परस्परसंबंध. या आत्मकथनांतील नायक शिकतो तेव्हा बहुधा राबतही असतो. पण त्याचे राबणे हे शिकण्याचे साधन असते, शिकण्याचा अडथळा असते, की स्वतःच एक शिकणे असते, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला गेल्याचे फारसे दिसत नाही.

हा प्रश्न आज विचारण्यास एक निमित्तही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली पदवी अभ्यासक्रमातच उमेदवारीचा अंतर्भाव करण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तेव्हापासून पदवी आणि नोकरीच्या जागी घेतलेले प्रशिक्षण ही दोन्ही एकाच आखणीत बसविण्याचे प्रयत्न सुरू आहेत. सायबर सुरक्षा हे त्यांतील विशेष आकर्षणाचे क्षेत्र आहे. दिवसभर किंवा रात्रभर एखाद्या संस्थेच्या संगणकजाळ्याची राखण करावयाची आणि त्याच काळात पदवीही मिळवावयाची, अशी ही कल्पना आहे. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांतील पदवीधरांपुढे ती येते, तेव्हा ती एक नवी सोय म्हणून येते. वस्तुतः याच प्रदेशाच्या वाङ्मयात तिचा पूर्वविचार झालेला आहे. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही दोन पुस्तके त्या दृष्टीने पुन्हा वाचून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२.

प्रथम शब्दाचा विचार करणे इष्ट होईल. ‘उमेद’ म्हणजे आशा आणि ‘उमेदवार’ म्हणजे आशा धरून असलेला. हा फारसीतून आलेला शब्द मराठीत चांगलाच रुळला. दफ्तरात किंवा कचेरीत वेतनावाचून राबत, कारकुनी शिकत, नेमणुकीची वाट पाहणारा तो उमेदवार, हा त्याचा जुना अर्थ होय. निवडणुकीस उभा राहणारा उमेदवार हा अर्थ नंतरचा. कायद्याच्या मराठीत जो ‘शिकाऊ उमेदवार’ आढळतो, त्याच्या नावातच शिकणे आणि आशा करणे एकत्र आले आहे. मौज अशी की, या नावात मजुरीचा कोठेही निर्देश नाही.

हा योगायोग नव्हे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाचे १८ वे कलम स्पष्टपणे सांगते की, शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी होय, कामगार नव्हे; कामगारविषयक कायदे त्याला लागू होत नाहीत. आरोग्य, सुरक्षितता आणि कामावर असता झालेल्या इजेची भरपाई यांपुरते संरक्षण अन्य कलमांनी त्याला दिले आहे. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधर अभियंते या कायद्याच्या कक्षेत आले आणि २०१४ च्या दुरुस्तीने त्याचा आणखी विस्तार झाला. तथापि १८ व्या कलमाची भूमिका कायम राहिली. इंग्लंडमध्ये २०१५ पासून जी पदवी-उमेदवारी सुरू झाली, तिची रचना येथे तुलनेस घेण्यासारखी आहे. तेथील उमेदवार हा मालकाचा पगारी नोकर असतो, त्याच्या कामाच्या वेळेतच शिक्षणासाठी काही तास राखून ठेवावे लागतात आणि शिक्षणशुल्क उमेदवाराकडून घेतले जात नाही. म्हणजे तेथे नोकराला विद्यार्थी केले जाते, तर येथे विद्यार्थ्याला नोकरीच्या जागी बसविले जाते. दोन्ही योजनांना एकच नाव दिले, तरी त्यांतील मनुष्याचे स्थान एक होत नाही. आशा धरणारा आणि हक्क असणारा यांतील हा भेद आहे, आणि पुढील दोन्ही आत्मकथनांच्या वाचनात तो उपयोगी पडेल.

३.

‘आठवणींचे पक्षी’ या पुस्तकाचा निवेदक जळकोट-उदगीर परिसरातील चेरा या गावचा. आईबाप लहानपणीच गेले आणि बहिणीच्या घरी त्याचा सांभाळ झाला. त्या घरात अन्नाला तो वाटेकरी होता आणि म्हणून कामालाही वाटेकरी होता. शेतातील कामे, गुरांमागे जाणे, मेलेल्या जनावरांशी निगडित असे जातीने लादलेले काम, आणि या सर्वांतून वेळ काढून शाळा, असा त्याचा दिनक्रम आहे. पुढे औरंगाबादेचे मिलिंद महाविद्यालय आणि त्यानंतर इंग्रजीचे अध्यापन, येथवर ही वाट जाते.

या पुस्तकाची रचना सलग चरित्राची नाही. स्वतंत्र शीर्षकांच्या सुट्या आठवणी एकामागून एक येतात. नावातील ‘पक्षी’ ही कल्पना या रचनेशी सुसंगत आहे. पक्षी येतो, क्षणभर बसतो आणि उडून जातो. या रचनेमुळे पुस्तकाला एक हृद्य साधेपणा लाभला आहे, हे खरेच. पण तिच्यामुळे एक गोष्ट झाकलीही जाते. भुकेचे, अपमानाचे आणि कष्टाचे प्रसंग तपशिलाने येतात. शिकण्याचे प्रसंग मात्र तितक्या तपशिलाने येत नाहीत. मुलगा काय राबला हे वाचकाला कळते. तो काय शिकला, एखादी गोष्ट त्याला प्रथम केव्हा उमगली, हे क्वचितच कळते.

याला लेखकाची उणीव म्हणण्यापूर्वी थोडे थांबले पाहिजे. या निवेदकाच्या आयुष्यात काम आणि विद्या ही दोन्ही एकमेकांना परकी आहेत. कामाने विद्येचा खर्च भागतो, पण कामातून विद्या मिळत नाही. जे काम त्याच्या वाट्याला आले ते शिकण्यासाठी त्याने पत्करलेले नाही, ते जन्माने आलेले आहे; आणि शाळेत जे शिकविले जाते त्याचा त्या कामाशी काडीचाही संबंध नाही. अशा स्थितीत विद्या म्हणजे कामापासून सुटका हाच एक अर्थ उरतो. सुटकेचे वर्णन सविस्तर करता येत नाही, बंधनाचेच करता येते. म्हणून पुस्तकात बंधन तपशिलाने येते आणि सुटका त्रोटकपणे येते. रचनेतील हा तोल अनुभवाच्या तोलाशी जुळणारा आहे.

‘कमवा आणि शिका’ या योजनेमागे महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने श्रमाला वसतिगृहात आणि महाविद्यालयात प्रतिष्ठा दिली. परंतु त्या योजनेतही ‘कमवा’ आणि ‘शिका’ या दोन क्रियापदांमधील ‘आणि’ हे अव्यय बहुधा जोडणारेच राहिले, एकरूप करणारे नव्हे. बागेत खणणारा विद्यार्थी इतिहासाचा अभ्यास करीत असे. खणण्यातून इतिहास येत नसे. श्रमाने स्वाभिमान दिला आणि वर्गाने विद्या दिली. नांदेडचे नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांचे उदाहरणही याच जातीचे आहे. इंटरच्या परीक्षेत वारंवार अपयश आलेला हा मनुष्य प्रतिभा निकेतन या शाळेत शिक्षक झाला, नोकरी करीत असतानाच पदवीधर झाला आणि पुढे पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला. त्यांच्या बाबतीत काम आणि विद्या यांतील अंतर पुष्कळ कमी झाले होते, कारण शिकविणे हे शिकण्याच्या सर्वांत जवळचे काम आहे. तरीही परीक्षेने मोजलेली विद्या आणि प्रत्यक्षातील विद्वत्ता यांत केवढे अंतर पडू शकते, याचे त्यांच्याइतके बोलके उदाहरण मराठवाड्यात दुसरे सापडणे कठीण.

४.

‘उचल्या’ या पुस्तकाकडे वळताच प्रश्नाचे स्वरूप पालटते. लक्ष्मण गायकवाड यांचा जन्म लातूर तालुक्यातील धनेगावचा. पुस्तकाला १९८८ साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. ज्या जमातीची ही कथा आहे तिच्यावर गुन्हेगारीचा शिक्का होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने असे शिक्के मारण्याची रीत घालून दिली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पोलिसांच्या आणि गावाच्या मनातून शिक्का गेला नाही. पहाटे पडणारे छापे आणि घरच्या माणसांना होणारी मारहाण यांची वर्णने पुस्तकाच्या आरंभीच्या भागात येतात, ती याची साक्ष देतात.

या पुस्तकात उमेदवारी आहे, आणि ती शब्दाच्या पूर्ण अर्थाने आहे. जमातीतील मुलांना चोरीचे शिक्षण दिले जाते. बाजारात, गर्दीत, प्रवासात कोणी काय करावयाचे, हात कसा चालवावयाचा, वस्तू साथीदाराकडे कशी पोचवावयाची, हे जाणत्यांकडून नवख्यांकडे जाते. या शिक्षणाचा सर्वांत भीषण भाग मार खाण्याचा आहे. पकडले गेल्यावर तोंड उघडू नये म्हणून शिकणाऱ्याला आपल्याच माणसांकडून मार सोसावा लागतो. गुरू, शिष्य, क्रमाक्रमाने मिळणारे कौशल्य, परीक्षा आणि व्यवसायात प्रवेश, ही उमेदवारीची सर्व लक्षणे येथे आहेत. येथे काम आणि शिकणे एकमेकांस परके नाहीत. कामातूनच शिकणे घडते. सोनकांबळे यांच्या निवेदकाला जे लाभले नाही ते या मुलांना लाभले आहे, असे उपरोधाने म्हणता येईल.

मग या शिक्षणाला विद्या का म्हणू नये? ते अनैतिक आहे म्हणून, हे उत्तर सोपे आहे. पण वाङ्मयाच्या अभ्यासकाने तेवढ्यावर समाधान मानू नये. ‘उचल्या’ स्वतः याचे अधिक खोल उत्तर देते. या शिक्षणाचा कळस मौन हा आहे. जे शिकले ते कोणाला सांगावयाचे नाही, हाच त्यातील शेवटचा धडा आहे. जे ज्ञान सांगता येत नाही ते तपासताही येत नाही. त्यात दुरुस्ती होत नाही आणि त्याच्या बाहेर पडण्याची वाटही दिसत नाही. मुलगा बापाच्या जागी उभा राहतो आणि त्याच पोलिसाच्या काठीखाली जातो.

निवेदकाचे वडील मार्तंड त्याला शाळेत घालतात, ही पुस्तकातील निर्णायक घटना होय. जमातीतील मुलांना उलट्या-जुलाब झाले की त्याचा दोष लक्ष्मणच्या शाळेत जाण्याला दिला जातो, हा प्रसंग बहुतेक वाचकांच्या स्मरणात राहतो. तो अंधश्रद्धेचा नमुना म्हणून उद्धृत करण्याचा मोह होतो. पण त्यामागील भय अगदीच अनाठायी नाही. शाळेत जाणारा मुलगा जमातीच्या उमेदवारीबाहेर पडतो. तो त्या शिक्षणाचा शिष्य राहत नाही, साक्षी होतो. आणि मौनावर उभ्या असलेल्या धंद्यात साक्षी निर्माण होणे हे खरोखरच संकट असते. ज्या कलेचा पहिला नियम न सांगणे हा होता, ती कला ‘उचल्या’च्या रूपाने सर्व महाराष्ट्रासमोर सांगितली गेली. पुस्तकाचे अस्तित्व हाच त्या उमेदवारीचा शेवट आहे.

पुस्तकाच्या उत्तरार्धात लातूरची सूतगिरणी येते. निवेदक तेथे कामाला लागतो, कामगारांची पिळवणूक पाहतो, संघटनेत पडतो आणि नोकरी गमावतो. हा भाग पूर्वार्धाच्या तुलनेने फिका आहे, तो कार्यकर्त्याच्या टिपणासारखा वाटतो, असा आक्षेप घेता येईल, आणि शैलीपुरता तो मान्यही करावा लागेल. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने गिरणीचे प्रकरण पुस्तकाला अत्यंत आवश्यक आहे. गिरणीने त्याला केवळ सुताचे काम शिकविले असते, तर ती आणखी एक उमेदवारी झाली असती. तेथे त्याने गिरणी कशी चालते हे पाहिले, ती कोणाच्या श्रमावर चालते हे ओळखले आणि ते बोलून दाखविले. घरी न बोलण्याचे शिक्षण होते; गिरणीत तो बोलण्याचे शिक्षण स्वतःच घेतो, आणि त्याची किंमतही मोजतो. पूर्वार्धातील मौन आणि उत्तरार्धातील उक्ती असा हा सांधा आहे. तो लक्षात घेतला म्हणजे पुस्तक दुभंगलेले वाटत नाही.

५.

या दोन पुस्तकांपासून सायबर सुरक्षेच्या पदवी-उमेदवारीकडे येणे हे वरवर पाहता दूरचे वाटेल. परंतु या क्षेत्राची प्रकृती ध्यानात घेतली म्हणजे अंतर कमी होते. संगणकजाळ्याची राखण करणाऱ्याला चोराची कला अवगत असावी लागते. दार कोठून फुटते, पासवर्ड कसा हस्तगत होतो, फसवे पत्र माणसाला कसे बोलते करते, हे ज्याला करता येत नाही त्याला ते रोखताही येत नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये अवघ्या काही दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. असे प्रकार कसे घडतात, हा या अभ्यासक्रमांतील पाठच असतो. मग ‘उचल्या’तील मुलगा आणि सुरक्षेचा उमेदवार यांत भेद कोणता? हातांच्या कौशल्यात तो शोधू गेल्यास सापडणार नाही.

कायदा हा भेद अनुमतीत पाहतो. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे ४३ वे कलम मालकाच्या परवानगीवाचून संगणकात शिरणे, त्यातील माहिती घेणे किंवा त्यास बाधा पोचविणे यांबद्दल भरपाईची जबाबदारी ठरविते. तीच कृत्ये अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केली, तर ६६ व्या कलमाने ती दंडनीय होतात. एकच कृती परवानगीने रक्षण ठरते आणि परवानगीवाचून अपराध ठरते. परंतु परवानगी ही कागदावरची गोष्ट झाली. तिच्या जोडीला दुसरा भेद असावा लागतो, आणि तो ‘उचल्या’ने दाखविला आहे : जे केले ते सांगता येणे. रक्षक जे करतो त्याची नोंद ठेवतो आणि सापडलेला दोष उघड करतो. कामाचा हिशेब देण्याचे बंधन हे त्याच्या कामाचेच अंग आहे. २८ एप्रिल २०२२ च्या केंद्रीय निर्देशांनी सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळविणे संस्थांना बंधनकारक केले, त्यामागील तत्त्व हेच आहे.

या तत्त्वाचा इतिहास मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीत बद्ध केले. या लिपीचे कर्तृत्व परंपरेने रवळोबासांकडे, म्हणजे नांदेड जिल्ह्यातील माहूरच्या दत्तात्रेयाचे माहात्म्य गाणाऱ्या ‘सह्याद्रिवर्णन’ या काव्याच्या कर्त्याकडे, दिले जाते. अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजण्याची तिची रीत पंथातील शिष्यांनाच ठाऊक होती. शतकानुशतके ती टिकली आणि वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी ती उकलताच तिचे रहस्य एकाएकी संपले. सगळी सुरक्षितता रीत लपविण्यावर अवलंबून असल्याने रीत कळताच सर्व काही उघडे पडले. ऑग्यूस्त केर्कहॉफ्स या भाषाशिक्षकाने १८८३ साली असे प्रतिपादन केले की, गूढलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे. गुप्त राहावी ती केवळ किल्ली. आधुनिक सुरक्षाशास्त्र या सूत्रावर उभे आहे. जी पद्धत उघडपणे तपासली जाते तीच भरवशाची ठरते. म्हणजे या क्षेत्रात बंद उमेदवारी ही शास्त्राच्याच विरुद्ध जाते.

येथेच खरी अडचण उभी राहते. ज्या संस्थेत उमेदवार काम करतो, ती त्याला गोपनीयतेच्या कराराने बांधते. ग्राहकांच्या माहितीचे रक्षण करावयाचे तर ते आवश्यकही आहे. रात्रपाळीत पडद्यावरील नोंदी पाहत बसणे हे त्याचे पुष्कळसे काम असते. तेवढेच त्याच्याकडून करून घेतले आणि विद्यापीठाने उपस्थितीच्या दाखल्यावर श्रेयांक दिले, तर सोनकांबळे यांच्या निवेदकाची अवस्था परत येते : कामाने खर्च भागतो, विद्या अन्यत्र राहते. उलट, कौशल्य दिले पण त्याविषयी चकार शब्द काढू दिला नाही, तर मौनाची जुनी उमेदवारी नव्या कपड्यांत परत येते. आणि १८ व्या कलमामुळे तो कामगारही नसल्याने गिरणीतील निवेदकाप्रमाणे बोलण्याचा आधारही त्याच्यापाशी दुबळा असतो.

६.

लातूरने शिक्षणाचा एक वेगळा नमुना देशाला परिचित करून दिला आहे. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत विद्यार्थ्याला सर्व कामांपासून अलग करून परीक्षेच्या सरावात गुंतविले जाते. तिचे यश नाकारता येत नाही. पण तिच्या मुळाशी ‘आठवणींचे पक्षी’तील तेच गृहीत आहे की, काम ही विद्येची शत्रू आहे. पदवी-उमेदवारी या गृहीताला आव्हान देते, आणि म्हणूनच ती या प्रदेशात यशस्वी होणे किंवा फसणे याला स्थानिक महत्त्वापेक्षा अधिक महत्त्व आहे. जन्माने आलेल्या कामातून सुटण्यासाठी ज्यांच्या आधीच्या पिढ्यांनी शाळा धरली, त्यांना ‘कामातच विद्या आहे’ असे सांगणाऱ्याने ते सिद्ध करून दाखविण्याची जबाबदारी पत्करली पाहिजे.

या दोन आत्मकथनांच्या वाचनातून त्यासाठी एक कसोटी हाती येते. ज्या कामाचे शिकणाऱ्याला स्वतःच्या शब्दांत निवेदन करता येते, त्यातील दोष ज्याला नाव घेऊन दाखविता येतो, आणि तसे केल्याबद्दल ज्याची जागा जात नाही, तीच उमेदवारी विद्या होय. विद्यापीठाच्या बाजूने पाहता या कसोटीचा अर्थ असा की, उमेदवाराच्या लेखी अहवालास गौण औपचारिकता मानता कामा नये. ग्राहकाची माहिती वगळून, पण स्वतःची चूक आणि स्वतःचा तर्क न वगळता लिहिलेला अहवाल हाच त्या पदवीचा गाभा ठरला पाहिजे. आणि तो विद्यार्थ्याला ज्या भाषेत खरे लिहिता येते त्या भाषेत लिहू दिला पाहिजे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रातील पुष्कळ विद्यार्थ्यांसाठी ती भाषा मराठी आहे.

आत्मकथन आणि अहवाल यांत अर्थातच मोठे अंतर आहे. एकाचे मोल दुसऱ्याला येणार नाही. परंतु धनेगावच्या ज्या मुलाचे शालेय शिक्षण पुढे खंडित झाले, त्याने पाहिलेल्या कामाचा निःशंकपणे हिशेब दिला, तेव्हा त्यातून मराठीला एक महत्त्वाचा ग्रंथ मिळाला. कामाचा हिशेब देणे हे लेखनाचे किती मोठे मूळ असू शकते, याचा शोध आत्मकथनांच्या अभ्यासात पुढेही घेण्याजोगा आहे. मौनाच्या शिक्षणातून बाहेर पडण्याची वाट ज्या पुस्तकाने दाखविली, ते नव्या उमेदवारांच्या अभ्यासक्रमात अवांतर वाचन म्हणून जरी नेमले, तरी त्याचा लाभ संगणकाच्या आणि वाङ्मयाच्या दोन्ही विभागांना होईल.